वाराला एकदा

माझ्या तोंडाला कुलूप नाही, असं माझी बायको वीणा गेली तेहेतीस वर्षं म्हणते. मी म्हणतो, कुलूप लावायला तोंड म्हणजे काय गोदाम आहे? पण त्या फेब्रुवारीतल्या रविवारी तिचं ऐकलं असतं, तर पुढचे आठ महिने माझ्या जिवाला घोर लागला नसता.

आधी मी कोण ते सांगतो. मी दयानंद, मूळचा निपाणीचा. इकडे कन्नड मुलखात, बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात एकतीस वर्षं काढली आणि गेल्या वर्षी रिटायर झालो. पंपाचे सुटे भाग माझ्या टेबलावर यायचे, मी व्हर्नियर लावून मोजायचो. बरोबर असेल तर हिरवा टॅग, चुकलेला असेल तर लाल. तिसरा एक पिवळा टॅग असायचा. तो अशा मालासाठी की माल चुकलाय, पण चूक कारागिराची नाही, ड्रॉइंगचीच आहे. मग ज्याचं ड्रॉइंग त्यानं स्वतःच्या हातानं चूक लिहायची, खाली सही करायची, आणि माल पास. सूचना लिहून द्यायचं कामही माझ्याकडेच होतं, आणि एकतीस वर्षांत माझ्या नावाचा एकही पिवळा टॅग निघाला नाही. निरोप समारंभात साहेबांनी भाषणात हे सांगितलं होतं. मीच त्यांना आठवण करून दिली होती, पण सांगितलं की नाही?

उरलेल्या टॅगांचा गठ्ठा मी घरी घेऊन आलो. वीणाच्या भाकरीला एकदा लाल टॅग लावला. त्यानंतर दोन दिवस मला भाकरी मिळाली नाही.

आता झाडाचं. आमच्या हॉलमध्ये मॉन्स्टेरा आहे, बारा वर्षांचा. एकेक पान सुपाएवढं, आणि त्याला कडेपासून आतपर्यंत फाटल्यासारख्या चिरा, मध्ये भोकं. वीणानं पहिल्यांदा ते झाड आणलं तेव्हा मी भोकं बघितली आणि तडक नर्सरीत परत घेऊन गेलो. म्हटलं, सदोष माल विकता काय? नर्सरीचा मल्लाप्पा पोट धरून हसला. "तूतु बेकु, अण्णा! तूतु बेकु!" म्हणजे भोकं हवीतच. मग त्यानं नीट समजावलं. हे झाड लहान असताना पानं अखंड येतात, विड्याच्या पानासारखी. झाडाला जागा मानवली, उजेड, पाणी, आधार बेतानं मिळाला, ते स्थिरावलं, की मग फाटलेलं पान येतं. फाटलं म्हणजे मोठं झालं. तेव्हापासून आमच्या घरात त्या झाडाचं नाव फाटक्या.

तर त्या रविवारी आमच्या एकुलत्या एका मुलीनं, अश्लेषानं, शंतनुला घरी आणलं. मुलगा नागपूरचा, इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीला. दिसायला बरा, बोलायला गोड. मी विचारलं, काम काय करता? तर म्हणाला, "टेस्टिंग करतो काका. सॉफ्टवेअरचं. म्हणजे तुमच्यासारखंच."

"दिसत नाही त्या मालाची कसली तपासणी?" मी म्हणालो.

इथपर्यंत ठीक होतं. पुढं कळलं की चार वर्षांत तीन नोकऱ्या झाल्यात. तीन घरंही झालीत. जेवण मोबाइलवरून येतं. माझं डोकंच फिरलं. एकतीस वर्षं एका खुर्चीत बसलेला माणूस मी, मला हे कसं मानवणार? वीणा मला डोळ्यांनी गप्प बसवत होती, अश्लेषा टेबलाखालून पाय मारत होती. पण तोंडाला कुलूप नाही ना!

"जो कुठंच टिकत नाही तो संसार काय टिकवणार?" मी म्हणालो. उठलो, फाटक्याचं एक रोपटं वीणानं कुंडीत लावून ठेवलं होतं, तीन पानांचं, तिन्ही अखंड, ते उचललं आणि त्याच्यापुढं ठेवलं. "हे घेऊन जा. खंडेनवमीपर्यंत ह्याला एक फाटलेलं पान आणून दाखवा. आलं तर लग्नाचं बोलू. नाही आलं तर विषय बंद."

वीणानं कपाळावर हात मारला. पोरगं मात्र हसलं नाही, रागावलंही नाही. वाकून रोपट्याची तिन्ही पानं बघितली आणि विचारलं, "पाणी किती टाकायचं काका?"

हा प्रश्न मला आवडला. मी ड्रॉइंगसारखा कागद तयार केला, स्वच्छ अक्षरात: खिडकीजवळ ठेवणे. ऊन थेट नको. आधाराला काठी. पाणी वाराला एकदा, एक तांब्या. खाली सही. आणि तोंडी बजावलं, "कागदाबाहेर एक पाऊल टाकायचं नाही. नेटवर विचारायचं नाही. अश्लेषानं तिकडे बघायला जायचं नाही आणि झाडाबद्दल तुमच्याशी अवाक्षर काढायचं नाही. पेपर फुटता कामा नये."

अश्लेषा माझीच मुलगी. तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "ठीक आहे अप्पा. शब्द म्हणजे शब्द. पान नाही आलं तर मी शंतनुचं नाव ह्या घरात काढणार नाही. पण मग तुम्हीही दुसऱ्या कुणाचं काढायचं नाही. कधीच." तिचा आवाज चढला नव्हता, आणि मला त्याचीच भीती वाटली.

महिने गेले. सुरुवातीला मी मजेत होतो. जून उजाडला तशी घरातली गंमत कमी झाली. अश्लेषा कामावर जायची, यायची, जेवायची, ताट धुवायची. माझ्या विनोदांना हसणं तिनं बंद केलं. हॉलमधल्या फाटक्याला नवीन पान आलं, चांगल्या नऊ चिरांचं, तर ती त्याच्याकडे पाठ करून बसायला लागली. ऑगस्टमध्ये वीणा म्हणाली, "पोरगी आतून झुरायला लागलीय. जाऊन बघून तरी या की त्या झाडाकडे. का तेही कागदात बसत नाही?"

मी म्हणालो, अचानक तपासणी हा माझा हक्कच आहे. रविवारी सकाळी बस धरली आणि न सांगता त्याच्या दारात उभा राहिलो.

दार उघडलं तो शंतनु घामानं निथळत होता. बनियन अंगाला चिकटलेलं. मला बघून गडबडला, आत पळाला, शर्ट घालून आला, वाकून नमस्कार केला. खोली एकच, खिडकी छोटी, पण लख्ख. आणि बघतो तर काय! घरातला एकुलता एक टेबलफॅन झाडाकडे तोंड करून फिरत होता. झाडाला वारा, आणि हा बाबा घामाघूम.

झाडाची अवस्था सांगण्यासारखी नव्हती. तिन्ही जुनी पानं गेली होती. त्यांच्या जागी आलेली दोन पानं, कडा तपकिरी, एक निम्मं पिवळं. पण शेंडा हिरवा होता. जीव धरून होतं बिचारं.

"बसा ना काका, पोहे करतो. तर्रीवाले," तो म्हणाला. खरंच केले. मोबाइलवरून नाही, गॅसवर. झणझणीत होते, डोळ्यांतून पाणी काढलं, पण दुसऱ्यांदा मागून घेतले. खाता खाता म्हणाला की नोकरी तीच आहे, घरही तेच आहे. "घरमालक भाडं वाढवून राहिले, पण खिडकी चांगली आहे ना झाडाला. म्हणून नाही सोडलं."

मला तो आवडायला लागला होता, हे कबूल करतो.

मग तो घड्याळ बघून उठला. "एक मिनिट काका, पाण्याची वेळ झाली." तांब्या भरला आणि कुंडीत ओतला. भिंतीवर तारखांचा कागद होता, त्यावर खूण केली.

"रविवारचं पाणी घालता होय?" मी विचारलं.

"रविवारचं झालं. उद्या सोमवारचं."

"सोमवारचं?"

"हो ना काका. वाराला एकदा. सोमवारी एकदा, मंगळवारी एकदा. तुम्हीच तर लिहिलं ना." आणि कुंडीवर प्लास्टिकमध्ये घालून चिकटवलेल्या माझ्या कागदावर बोट ठेवलं. माझं स्वच्छ अक्षर. माझी सही.

मला दरदरून घाम फुटला, आणि त्याचा पंख्याशी काही संबंध नव्हता.

झालं होतं ते असं. कन्नडात वार म्हणजे आठवडा. वारक्के ओम्मे म्हणजे आठवड्यातून एकदा. बत्तीस वर्षं ह्या गावात राहून आमच्या घरात आठवडा हा शब्दच मरून गेलाय. आम्ही म्हणतो, वाराला एकदा डोकं धुवायचं, दोन वार झाले पाहुणे आले नाहीत. माझे वडील आठवडा म्हणायचे, मी वार म्हणतो, आणि कधीपासून म्हणतो ते मला ठाऊक नाही. अश्लेषाचाही वार म्हणजे आठवडाच. पण नागपूरच्या पोराला हे कुठून कळणार? त्याच्या मराठीत वार म्हणजे सोमवार, मंगळवार. त्यानं वाराला एकदा म्हणजे रोज एकदा असं धरलं आणि सहा महिने ते झाड बुडवलं. चूक त्याची कुठं होती? पुण्यात, नागपुरात, कुणाही मराठी माणसाला तो कागद दाखवला असता तर त्यानं हेच केलं असतं.

"रोज एवढं पाणी," मी कसंबसं म्हणालो, "मुळं कुजतील असं वाटलं नाही?"

"वाटलं ना. पहिल्याच महिन्यात पानं पिवळी पडली. पण कागदाबाहेर जायचं नाही असं ठरलं होतं. मग कागदात ज्याला मनाई नव्हती ते केलं. पंखा लावू नका असं कुठं लिहिलंय? कुंडीला खालून सहा भोकं पाडली, मातीत नारळाची शेंडी मिसळली. पाणी टाकतो आणि लगेच वाळवतो." तो हसला. "मला वाटलं, परीक्षाच अवघड ठेवली तुम्ही."

तिथेच उठून पोराला मिठी मारावी असं वाटलं. चुकीच्या ड्रॉइंगवर इतकं प्रामाणिक काम मी उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. आणि मी काय केलं? घसा खाकरला आणि म्हणालो, "यापुढं आठवड्यातून एकदाच पाणी घाला. आता ऋतू बदललाय."

त्यानं क्षणभर माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "सरी, काका." सरी म्हणजे कन्नडात बरं.

बसमध्ये मी स्वतःला एवढ्या शिव्या घातल्या की शेजारचा माणूस उठून दुसरीकडे बसला. ऋतू बदललाय म्हणे! कारखान्यात रघुपती नावाच्या टर्नरवर एकदा सुपरवायझर ओरडत होता, तेव्हा मीच मध्ये पडून गरजलो होतो: ड्रॉइंग चुकलं असेल तर कारागिराला हात लावायचा नाही! अख्ख्या शॉपला ऐकू गेलं होतं. आता ड्रॉइंग माझं होतं, आणि माझ्या तोंडातून शब्द फुटत नव्हता.

घरी वीणानं विचारलं, "कसं आहे झाड?" मी म्हणालो, आहे. पुढचे दोन महिने मी रोज ठरवायचो, आज सांगू. सकाळी ठरवायचो, जेवताना राहून जायचं. अश्लेषा समोर बसलेली असायची, मी भाताकडे बघायचो. मनात एक लबाड हिशेब पण होता: आता पाणी नीट मिळतंय, फाटलेलं पान आलं तर कुणाला काही सांगायलाच नको. देवाजवळ बसून मी एका पानाच्या चिरेसाठी हात जोडत होतो. साठीच्या माणसाला शोभतं का हे?

खंडेनवमी आली. आमच्या गल्लीत सकाळपासून गाड्या धुवून, केळीचे खांब बांधून, चाकांपुढं कोहळे फोडणं चाललं होतं. मी पाटावर माझा व्हर्नियर मांडला, शेजारी टॅगांचा गठ्ठा, वर हळदकुंकू, झेंडूचं फूल. तेवढ्यात रिक्षा थांबली. शंतनु कुंडी मांडीवर घेऊन बसला होता, आणि झाडाभोवती त्याची चादर गुंडाळलेली, वाऱ्यानं पान फाटू नये म्हणून. फाटायलाच हवं असलेलं पान!

हॉलमध्ये फाटक्याच्या शेजारी कुंडी ठेवली. चादर काढली. नवीन पान पुरतं उलगडलं होतं, ताटाएवढं, हिरवंगार, तुकतुकीत. वीणानं "अगं बाई, किती सुंदर!" म्हणून हात जोडले.

पान अखंड होतं. कडेपासून कडेपर्यंत एकही चीर नाही.

अश्लेषानं ते आधी बघितलं. तिनं पानाच्या कडेवरून एक बोट फिरवलं, सगळीकडून, पुन्हा एकदा. मग म्हणाली, "हरलो आम्ही, अप्पा. शब्द म्हणजे शब्द." आणि शंतनुकडे न बघता स्वयंपाकघरात जायला वळली.

शंतनु कुंडीशेजारी उभा होता. त्यानं एक शब्द काढला नाही. कागदाकडे बोट दाखवलं नाही. फक्त माझ्याकडे बघत होता, ऑगस्टमधल्यासारखाच.

"थांब, अश्लेषा," मी म्हणालो.

मी पाटावरचा गठ्ठा उचलला. हिरवे काढले, लाल काढले, खालून एक कोरा पिवळा टॅग निघाला. पेन घेतलं आणि लिहिलं. मग मोठ्यानं वाचलं, कारण तोंडाला कुलूप नसल्याचा एवढा तरी उपयोग व्हावा.

"माल: मॉन्स्टेरा, एक नग. दोष: पान अखंड. कारण: लेखी सूचनेत चूक. आठवड्याला असं लिहायचं ते वाराला असं लिहिलं. त्यामुळं कारागिरानं सहा महिने रोज पाणी घातलं. कारागीर निर्दोष. चूक लिहिणाऱ्याची. चूक कळूनही दोन महिने लपवली, तीही त्याचीच. माल पास. सही, दयानंद."

टॅग कुंडीला बांधला. आधी वीणाला उलगडलं. "रोज? अहो, रोज एक तांब्या?" आणि तिला जे हसू फुटलं ते थांबेना. सोफ्यावर बसून पदर तोंडाला लावून हसली, डोळे पुसले, पुन्हा हसली. "वाराला एकदा! अरे देवा, वाराला एकदा!"

अश्लेषा हसली नाही. माझ्यापुढं येऊन उभी राहिली. "दोन महिने, अप्पा? मी इथं समोर बसून जेवत होते."

"लाज वाटत होती गं," मी म्हणालो. दुसरं काही सांगण्यासारखं नव्हतंच. "एकतीस वर्षांत पहिलाच पिवळा आहे. सवय नव्हती."

तिनं माझ्या खांद्यावर एक चापट मारली, चांगली जोरात, आणि मग तिथंच डोकं ठेवून रडली. मीही रडलो.

मग मी शंतनुला म्हणालो, "माफ करा. तुमच्यावर अन्याय झाला. आज सांगितलं म्हणून कळलं, नाहीतर तुम्ही जन्मभर स्वतःलाच दोष दिला असता."

"मला माहीत होतं काका," तो म्हणाला.

"काय माहीत होतं?"

"तुम्ही आठवड्यातून एकदा म्हणालात ना, त्याच दिवशी. दुसऱ्या दिवशी ऑफिसात एका कन्नड मित्राला विचारलं, वार म्हणजे काय. तो म्हणाला, आठवडा."

"मग बोलला का नाहीस?" मी अहोजाहो विसरलो. "अश्लेषाला सांगायचंस! मला फोन करून झापायचंस! आत्ता ती हरलो म्हणाली तेव्हासुद्धा गप्प राहिलास?"

"झाडाबद्दल तिच्याशी बोलायचं नाही असं ठरलं होतं. आणि मला वाटलं, तुम्ही सांगाल."

आठ महिने वाटत होतं की तपासणी मी करतोय. टेबलाच्या दुसऱ्या बाजूला कोण बसलं होतं ते तेव्हा कळलं. आणि मी पास झालो होतो, अगदी शेवटच्या मिनिटाला, पिवळ्या टॅगवर.

"तूच सांग की रे," मी म्हणालो, "नाही बोललो असतो तर?"

"तर वाईट वाटलं असतं," तो साधेपणानं म्हणाला. "झाडापेक्षा जास्त." मग पाटाकडे बघत त्यानं विचारलं, "व्हर्नियर हातात घेऊन बघू का काका? कधी पाहिला नाही." मी हळदकुंकवासकट त्याच्या हातात दिला.

संध्याकाळी नागपूरला फोन लावला. शंतनुचे वडील मल्हारराव मोठ्या आवाजाचे, दिलखुलास माणूस. पाच मिनिटांत आम्ही व्याही व्याही म्हणायला लागलो. डिसेंबरातले मुहूर्त त्यांनी आधीच काढून ठेवले होते. म्हणाले, "दोनतीन तारखा आहेत बरं का. तुम्हीच सांगा आता, कोणत्या वारी ठेवायचं लग्न?"

फोन स्पीकरवर होता. वीणानं तोंडात पदर कोंबला. अश्लेषा म्हणाली, "एकदाच ठेवा म्हणावं अप्पा. वाराला एकदा नको." शंतनु भिंतीकडे तोंड करून हसत होता.

मी तोंड उघडलं होतं. मग मिटलं, आणि फोन गुपचूप वीणाच्या हातात दिला.